रसवंतीच्या इंजिनाचा डबा

धूर मलाही आवडत नाही. पण लोक असं बोलतात, जसं काय मी हौसेनं धूर करतो. रस प्यायला थांबायचं, बर्फ जास्त टाका म्हणायचं, आणि पेला रिकामा झाला की नाकाला रुमाल लावून सांगायचं, "आबा, इंजिन लई धूर मारतंय." मारतंय तर मारतंय. रस गोड लागला का नाही ते बोल की.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना रस्त्याला लागून आमचं रान आहे आणि रानाच्या तोंडाशी आमची रसवंती. वर पाचटाचं छप्पर, खाली बाकडी, मधे चरक आणि चरकाच्या मागं इंजिन. एका सिलिंडरचं, उभं, डिझेलवरचं. आधी ते विहिरीवर होतं. विहिरींवर मोटरा आल्या तेव्हा आमच्या शिवारातली सगळी इंजिनं भंगारात गेली. माझं गेलं नाही. मी ते घासलं, रंगवलं आणि चरकाला जोडलं. शाळेचं आणि माझं जमलं नाही, सही करण्यापुरतं शिकलो, पण त्या इंजिनाचा नट न् नट मी स्वतःच्या हातानं खोलून बसवलाय. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही.

चरकाला मोटरही आहे. थोरल्या पोरानं बसवून दिली. पण आमची लाईट शेतीच्या लायनीवरची. कधी दिवसा, कधी रात्री, आणि उन्हाळ्यात बाकड्यावर माणूस मावत नाही त्या भर दुपारी हमखास नाही. मग हँडल मारायचं, इंजिन चालू करायचं, पट्टा चढवायचा. याला दुसरा इलाज कुणी सांगावा. सांगणारे लई होते. इंजिन लांब न्या म्हणाले. मागं पाण्याची चारी आहे, पुढं रस्ता आहे, नेऊ कुठं? पट्टा लांब केला तर सटकतो. धुराची नळी उंच करा म्हणाले. केली, छपराच्या वर काढली. दुपारचा वारा वर गेलेला धूर परत खाली आणून घालतो.

आणि खाली बसते आमची मंडळी. गल्ला तिच्याकडं. ऊस लावणं, तोडणं, सोलणं, चरकात घालणं माझं. पण लिंबू किती, आलं किती, कुणाला बिनबर्फाचा, कुणाच्या पोराला अर्धाच पेला, हे सगळं तिचं. नरसिंहपूरला देवाला जाणारी माणसं आमच्याकडं वर्षातून एकदा थांबतात, पण हिला त्यांच्या सुनांची बाळंतपणंसुद्धा पाठ. माणसं निम्मी रसासाठी थांबतात, निम्मी तिच्यासाठी. हे मी तिला कधी म्हणालो नाही.

मागच्या काही वर्षांत तिला दम लागायला लागला. डोळे चुरचुरायचे, खोकला लागला की थांबायचा नाही. डॉक्टर म्हणाले, छातीला धूर चालणार नाही, धुरातून बाहेर काढा. थोरला बारामतीत जळोचीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, कंपनीत कामाला आहे. तो आला आणि उभ्या उभ्या निकाल देऊन मोकळा झाला.

"तात्या, आईला मी घेऊन जातो. तितं हवा बरी हाय."

"तितं मी काय करू?" ती म्हणाली. "गॅलरीत बसून लोकांच्या गाड्या मोजू?"

"मग तात्यांना सांग इंजिन बंद करायला."

"इंजिन बंद केल्यावर दुपारचा रस काय तू दातानं काढणार का?" मी म्हणालो.

पोरगं उन्हाळा संपेपर्यंतची मुदत देऊन गेलं. हिचा जीव त्या गल्ल्यापाशी. जळोचीला नेली तर ती खोकून नाही, तर बोलायला माणूस नाही म्हणून झुरेल, हे मला दिसत होतं. आणि इंजिन सोडायचं मला जमत नव्हतं.

त्याच दिवसांत एक मॅडम रस प्यायला थांबली. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी, तिशीच्या आतबाहेरची, अंगानं काडी पण आवाज खणखणीत. पेला हातात घेऊन सरळ इंजिनामागं गेली आणि वाकून धुराच्या नळीच्या बुडाशी नाक नेलं.

"अवो बाई, ते वास घ्यायचं न्हाय," आमची मंडळी गल्ल्यावरून ओरडली. "वास घ्यायला मी हाय हितं बसलेली."

मॅडम हसली. मग बाकड्यावर बसून मला समजावून सांगायला लागली. नव्या गाड्यांच्या धुराच्या वाटेत एक डबा असतो. त्यात प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप असतो. गरम धूर त्या लेपावरून गेला की त्यातलं झोंबणारं विष जळून जातं.

"प्लॅटिनम म्हंजे?"

"दागिन्यातला धातू आबा. चांदीपेक्षा कितीतरी महाग."

"आन तो धुराच्या नळीत घालायचा? कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?"

"म्हणून तर आम्ही स्वस्तातलं शोधतोय. तांबं आणि सिरियम म्हणून एक पदार्थ, दोन्हींचा लेप देऊन बघतोय. पण कॉलेजातलं इंजिन नवं आहे. आम्हाला तुमच्यासारखं पाहिजे."

"माझ्यासारखं म्हंजे?"

"म्हणजे... अनुभवी," ती म्हणाली.

बाई हुशार होती. मी हो म्हणालो.

डबा आला तो दुधाच्या किटलीएवढा. आत तांब्याच्या जाळीच्या गोल चकत्या, एकीमागं एक लावलेल्या, आणि त्यांच्यावर काळपट लेप. मला तो डबा वर छपरापाशी पाहिजे होता, पायात येऊ नये म्हणून. मॅडम म्हणाली, इंजिनाच्या तोंडाशीच पाहिजे, धूर गार झाला तर लेप काम करत नाही. आमची जुंपली. माझ्या इंजिनावर मी म्हणेन तसं होणार, म्हणून डबा वर लावला. आठ दिवस वास जसाच्या तसा. मग तिच्या म्हणण्याप्रमाणं खाली लावला, वरून काचेच्या लोकरीची दोरी गुंडाळली. वास उतरला. बरोबरच्या कॉलेजच्या पोरांना तिनं सांगितलं, आबांनी वर लावून बघितलं हे बरं झालं, दोन्ही आकडे मिळाले.

काळा धूर सगळा गेला नाही. हँडल मारल्यावर पहिला ढग निघायचाच. मॅडमनं ते आधीच सांगितलं होतं, खोटं काही बोलली नाही. पण डोळ्यांत झोंबायचं ते थांबलं. लिंबाच्या पाटीवर ही पांढरं फडकं टाकते. ते संध्याकाळपर्यंत कळकट व्हायचं, आता नुसतं मातकट व्हायला लागलं. कॉलेजची पोरं नळीत मशिनची दांडी घालून आकडे घ्यायची, ही फडकं झटकून त्यांना दाखवायची. "ह्ये लिव्हा तुमच्या वहीत," म्हणायची. खोकला होता, पण दम लागायचा कमी झाला. थोरला आला, बसला, रस पिऊन गेला. जळोचीचं नाव त्यानं काढलं नाही.

पोरांचं काम झालं. त्यांनी इंजिनाबरोबर फोटो काढले, मलाही हँडल धरून उभं केलं. डबा तुमच्याकडंच राहू द्या म्हणाले. अधूनमधून खोला, काजळी झटका, परत लावा. एवढं सांगून ती पोरं गेली, आपापल्या नोकऱ्यांना लागली असतील.

मग दसरा आला.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. कोयता, खुरपं, पाने, चरक, इंजिन, सगळं धुऊन पुसून हळदीकुंकू लावायचं. आदल्या दिवशी घरातली तांब्यापितळेची भांडी निघतात. अंगणात चिंचेचा कोळ, राख, काथ्या आणि बायकांचे हात. मी इंजिन पुसत होतो. डबा खोलला, चकत्या बाहेर काढल्या, काजळी झटकली. ही म्हणाली, "आणा हिकडं. देवापुढं काळं तोंड घिऊन बसवायचंय का त्यास्नी?"

मी दिल्या. का देऊ नये? तांबं ते. तिनं एकेक चकती चिंचेत भिजवली आणि काथ्यानं अशी घासली, की उन्हात धरल्यावर डोळे दिपले. लेकींसारख्या ओळीनं पाटावर मांडल्या. कुंकू लावलं. थोरल्या सुनेनं फोटो काढून नातेवाइकांना धाडला. सगळ्यांनी जोडलेले हात आणि अंगठे पाठवले. कुणी म्हणालं नाही की हे काय केलंत. दुसऱ्या दिवशी मी चकत्या परत डब्यात घातल्या, बोल्ट आवळले, झेंडूचा हार घातला.

दिवाळी झाली, थंडी सरली, उन्हं तापायला लागली आणि दुपारची गर्दी सुरू झाली. इंजिन चालू केलं की हिचे डोळे गळायला लागले. मला वाटलं डिझेल खराब. दुसऱ्या पंपावरनं आणलं. मग वाटलं नोझल गळतंय. ते काढून साफ केलं, बारामतीला नेऊन दाब तपासला. मग इंजिन खोलून पिस्टनला नव्या रिंगा घातल्या. गुडघे मोडेपर्यंत उकिडवा बसलो त्या इंजिनापुढं. इंजिन असं गोड चालायला लागलं की विचारू नका. वास मात्र तोच, झोंबणं तेच, आणि गल्ल्यावरून खोकला. प्रत्येक खोकल्याला मला वाटायचं, मलाच शिवी देतेय.

शेवटी मॅडमला फोन केला. रविवार असून आली. डबा खोलला, पहिली चकती बाहेर काढली आणि तशीच धरून बसली.

"ही इतकी लख्ख कशी, आबा?"

"मी घासली," मंडळी गल्ल्यावरून अभिमानानं म्हणाली. "दसऱ्याला. चिंच लावून."

मॅडमनं डोळे मिटले. मग हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला.

"मावशी, तो काळा रंग म्हणजेच औषध होतं हो. तेच धूर जाळत होतं. चिंचेनं ते विरघळलं, काथ्यानं उरलंसुरलं गेलं. आता नुसती जाळी राहिलीय."

"आगं बया." ही उठून उभी राहिली. "तांबं काळं ठिवायचं आसतंय व्हय? आमच्या सासूला काळा तांब्या दिसला आसता तर जेवायला वाढलं नसतं तिनं मला."

"चूक आमची आहे. आम्ही सांगायला पाहिजे होतं."

चूक तिचीच होती, यावर मी आजही माघार घेणार नाही. औषध दिलं तर ते कसलं ते सांगायचं असतं. काजळी काळी, लेप काळा. आमच्यासारख्यानं काय ओळखायचं? पण मॅडमवर मला चिडता येईना, कारण तिनं कबूल केलं. माणूस कबूल करून बसला की भांडायचं कुणाशी?

लेप परत द्यायला काय लागतं ते तिनं सांगितलं. पदार्थ लागतात, ते कालवून चकत्या बुडवायच्या, वाळवायच्या, मग भट्टीत ठरलेल्या आचेला भाजायच्या. कॉलेजातच होईल. पण ती स्वतः पुढच्या शिक्षणाला परगावी निघाली होती. तिच्या जागी येणाऱ्या सरांना सांगून ठेवते म्हणाली, चकत्या घेऊन जा.

गेलो. पिशवीत चकत्या घालून एसटीनं गेलो. फाटकावर रखवालदारानं अडवलं.

"बाबा, कुणाला भेटायचंय?"

"सरास्नी."

"कंच्या?"

"धुराच्या."

त्याला वाटलं मी तक्रार घेऊन आलोय. पिशवीत हात घालून बघितलं, म्हणाला, "भंगार आत न्यायला परवानगी न्हाय." भंगार! सर त्या दिवशी परीक्षेवर होते. पुढच्या खेपेला सर सुट्टीवर. त्याच्या पुढच्या खेपेला भट्टी बंद, दुरुस्तीला माणूस यायचा होता. मॅडमला फोन केला तर ती बिचारी तिथून सरांना फोन करायची, सर तिला हो म्हणायचे आणि मी गेलो की सर नसायचे.

मला राग अनावर झाला. काळं करायचंय ना तांबं, मग त्याला कॉलेज कशाला? आमच्या गावात एका जुन्या दोस्ताचा लोहाराचा भाता अजून चालतो. त्याच्याकडं चकत्या नेल्या. त्यानं निखाऱ्यात घालून लाल केल्या, गार केल्या. काळ्याकुट्ट झाल्या. मी म्हणालो, बघ, झालं का नाही. खुशीत घरी आणून डब्यात बसवल्या. पहिल्या दुपारीच आत खुळखुळ वाजायला लागलं. खोलून बघतो तर तो काळेपणा पापुद्र्यानं सुटून तळाला पडलेला. जाळी मऊ होऊन वाकलेली. इंजिनाचा दम कोंडला, चरकात ऊस अडकला आणि धूर सगळीकडून निघाला. नरसिंहपूरला निघालेली एक आख्खी जीपभर मंडळी रस न पिता उठून गेली.

ही पदर नाकाला लावून फडकं झटकत बसली. रात्री थोरल्याचा फोन आला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, हिचं तेवढं ऐकलं, "बघू. बघू म्हनलं ना."

मी वाकड्या चकत्या हातोडीनं सरळ केल्या आणि पुन्हा कॉलेजला गेलो. या खेपेला सर भेटले. चांगले बोलले, खुर्ची दिली, चहा मागवला. चकत्या हातात घेऊन उलटसुलट केल्या.

"आबा, मॅडमचा विषय होता तो. यंदा आमच्या पोरांनी बॅटरीचा विषय घेतलाय. आता सगळं तिकडंच चाललंय."

"मग ज्यांच्याकडं डिझेलची इंजिनं हायत त्यांनी काय करायचं?"

"नव्या ट्रॅक्टरना कंपनी काय ते लावून देते. तसा नियम आहे."

"आन जुन्याला?"

"जुन्याला नियम नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "खरं सांगू का? ते भंगारात द्या तुम्ही."

चहा तसाच ठेवून उठलो. एवढी माणसं, एवढ्या खोल्या, काचेच्या कपाटात ढाली मांडलेल्या. आणि जी गोष्ट चालली, माझ्या डोळ्यांदेखत चालली, माझ्या बायकोच्या छातीत चालली, ती परत करून द्यायला कुणाला सवड नाही. चालत नसती तर मी बोललो नसतो. कामाची गोष्ट एकदा करून दाखवायची, फोटो काढायचा आणि दुसऱ्या गोष्टीला लागायचं, हा कुठला न्याय? ऊस एकदा लावून दाखवला म्हणून पुढच्या वर्षी लावायचा नाही का?

एसटीतून उतरलो तेव्हा दुपार होती. लाईट जाण्याची वेळ होऊन गेलेली. लाईट गेली की इंजिन चालू करायचं मी नाइलाजानं त्या लोहार दोस्ताला सांगून गेलो होतो, पण रसवंतीकडं चालत निघालो तर इंजिनाचा आवाज नाही. मला वाटलं बंद पडलं, किंवा हिला काही झालं. म्हातारपणी पळता येत नाही, तरी पळालो.

बाकड्यांवर माणसं बसलेली. ऊस सोललेला, चरक थांबलेला. ही गल्ल्यावर बसून एका बाईला तिच्या नातवाचं विचारत होती. लोकांपुढं पाण्याचे तांबे.

"इंजिन का बंद?" मी दम खात विचारलं.

"मी बंद केलं. तुमच्या दोस्ताला लावलं घरला."

"तुला बंद करता येतंय?"

"एवढी वर्सं बघतीया. एक दांडी वडायची आसती." तिनं माझ्या पिशवीकडं बघितलं. "झालं काम?"

"न्हाय."

"मला वाटलंच. मॅडमचा फोन आलता. सुट्टीला आल्यावर सोता करून देते म्हनली. तवर इंजिन लावायचं न्हाय. लाईट आसंल तर रस, नसंल तर पाणी."

"आन गिऱ्हाईक?"

"बसत्यात ते बसत्यात. जात्यात ते जात्यात."

"सगळं गिऱ्हाईक जाईल!"

"जाऊ द्या," ती म्हणाली. "मी न्हाय जायची जळोचीला."

मी हँडल उचललं. लोकांसमोर बायको इंजिन बंद करते आणि आपण ऐकून घ्यायचं, हे मला झेपण्यातलं नव्हतं. इंजिनापाशी गेलो, हँडल अडकवलं. मागं सगळी माणसं वळून बघायला लागली. तिनं गल्ल्याची किल्ली काढली, कमरेला खोचली आणि उठून उभी राहिली. मी हँडल मारलं की ती निघणार होती, आणि निघाली की परत बसणार नव्हती. तिला मी ओळखतो.

"आबा, मारताय का व्यायाम करताय?" बाकड्यावरचा एक टोपीवाला म्हणाला.

"तुमच्या पाण्यात साखर टाकू का?" ही त्याला म्हणाली, पण नजर माझ्यावर.

मी हँडल काढलं आणि खाली ठेवलं. पटलं म्हणून नाही. ते मला अजूनही पटलेलं नाही. दिवसातला निम्मा धंदा पाण्यावर घालवायचा याला अक्कल म्हणत नाहीत. ती परत बसली. किल्ली मात्र कमरेलाच ठेवली.

तिघंचौघं उठून गेले. टोपीवाला राहिला. ती बाई राहिली, नातवाचं अजून संपायचं होतं. मी कोयता घेतला आणि सोललेला ऊस पुन्हा पुन्हा तासत बसलो, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. वाऱ्याची एक झुळूक इंजिनावरून गल्ल्याकडं गेली. तिच्यात कसलाच वास नव्हता. ही बोलत राहिली, एका दमात, मधे न थांबता, आणि टोपीवाल्यानं तांब्या पुढं करून तिच्याकडं आणखी पाणी मागितलं.